सात नंबरचा तक्ता

१

आंबिवलीच्या बिऱ्हाडात येऊन नीलाला चार महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात तिला नवऱ्यापेक्षा नवऱ्याचे आकडे जास्त ओळखीचे झाले होते.

त्र्यंबक सरकारी गुरांचा डॉक्टर. स्टेशनापासून मैलभर आत, युद्धाच्या वेळी पलटणीने बांधून तशीच टाकून दिलेली एक पत्र्याची शेड होती. तिथे त्याचा प्रयोग चालायचा. शेडपासून वीस पावलांवर दोन खोल्यांचं क्वार्टर. सकाळी सहाला आणि दुपारी चारला गुरांचा ताप घ्यायचा, हा नियम. नीला चुलीपाशी असली तरी तिला सगळं ऐकू यायचं. आधी त्र्यंबकचा आवाज, "धर." मग शेडवरचा म्हातारा गडी दगडू जनावर धरायचा. मग दोन मिनिटं काहीच नाही. मग आकडा. "एकशे एक पॉइंट सहा." पुन्हा "धर." असं आठ वेळा, कारण शेडमध्ये आठ कालवडी होत्या.

मग त्र्यंबक शेडच्या दारातल्या फिनेलच्या ट्रेमध्ये बूट बुडवायचा, घरी यायचा आणि कच्ची वही तिच्यापुढे टाकायचा. त्याचं अक्षर म्हणजे शेणातून कोंबडी चालून गेलेली. वर साहेबांकडे जाणारे पक्के तक्ते नीलाच्या अक्षरात जात. तिचे वडील ठाण्याच्या कोर्टात नक्कलनवीस. नौपाड्यातल्या त्यांच्या घरी दहा ओळी शुद्धलेखन झाल्याशिवाय ताट वाढलं जात नसे. मुलगी पाहायला आले तेव्हा सासूबाईंनी रंग पाहिला, उंची पाहिली, चालून दाखवायला लावलं. त्र्यंबकने तिची वही मागितली आणि ती बराच वेळ पाहिली. तेव्हा तिला त्यात काहीतरी हळुवार दिसलं होतं.

वडिलांचा एकच नियम होता. नक्कल करणाऱ्याने डोकं चालवायचं नाही. मूळ कागदावर माशी चिकटलेली असेल तर नकलेतही माशी आली पाहिजे. "दुरुस्त करणारा वेगळा असतो," ते म्हणत, "आणि त्याला पगारही वेगळा असतो."

नीला टाक दौतीत बुडवायची, दौतीच्या काठावर दोनदा टेकवायची, टक्, टक्, आणि लिहायला लागायची.

"या दोघींच्या नावापुढे लाल रेघ कशाला?" तिने एकदा विचारलं होतं. लाल रेघ तीन नंबरला होती आणि सात नंबरला.

"नाव कुठलं, नंबर," त्र्यंबक पोहे खात म्हणाला. "बाकीच्या सहाजणींना लस दिलीय. या दोघींना नाही. सोमवारी सगळ्यांना बुळकांडी झालेल्या गुराचं रक्त टोचायचं. सहा वाचल्या पाहिजेत आणि या दोघींना रोग लागला पाहिजे."

"लागलाच पाहिजे?"

"लागलाच पाहिजे. नाहीतर लसीने वाचल्या, की आम्ही टोचलेलं रक्तच निकामी होतं, ते कळणार कसं? चौदा दिवसांची मुदत आहे. प्रयोग जमला तर तालुक्यातल्या गुरांना लस मिळेल, आणि मला कायमची नोकरी. नाही जमला तर पावसाळ्याआधी हे बिऱ्हाड हललं म्हणून समज."

"म्हणजे या दोघी मरायला ठेवल्यात."

"मरायला नाही गं," तो म्हणाला. "तुलनेला."

२

टोचल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सात नंबरपुढे अठ्ठ्याण्णव पॉइंट चार असा आकडा आला.

नीलाने टाक उचलला, पण लिहिलं नाही. एव्हाना तिला माहीत झालं होतं की गुरांचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं. एकशे एक, एकशे दोन. शंभराच्या खाली तिने कधी काही उतरवलंच नव्हतं.

"हा तर माणसाचा आकडा," ती म्हणाली.

"थर्मामीटर बिघडला असेल."

दुपारी दुसऱ्या थर्मामीटरने घेतला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्याने, तोही कोरा, पेटीतून काढलेला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. जनावर चांगलं खातंय, पितंय, रवंथ करतंय. दुसऱ्या कुठल्या गाईचं अंग इतकं गार पडलं असतं तर ती एव्हाना पाय झाडून आडवी झाली असती, असं त्र्यंबक स्वतःच म्हणाला.

त्याच दिवशी दुपारी तीन नंबरला ताप चढला. एकशे चार. दुसऱ्या दिवशी एकशे पाच आणि वर थोडा. त्र्यंबकने त्या दुपारी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

सात नंबरचा आकडा हलत नव्हता. सकाळ, दुपार, सकाळ, दुपार. नीला तो रोज उतरवायची. एकच आकडा एकाखाली एक लिहिला की तो आकडा राहत नाही, नक्षी होते.

"मग तिला माणसात घ्या," ती एकदा म्हणाली.

त्र्यंबक हसला नाही. तो बोटांवर दिवस मोजत होता.

३

शेडकडे जायची तिला बंदी होती. रोग पायाला चिकटून कुठेही जातो, असं त्र्यंबक म्हणायचा. पण सातव्या दिवशी तो तार करायला कल्याणला गेला आणि कच्ची वही शेडमध्येच विसरला. चारचे आकडे उतरवायचे राहिले होते. नीला गेली.

दारात फिनेलचा ट्रे होता. तिने पाय बुडवला नाही, अलीकडेच उभी राहिली. आत दगडू गव्हाणीत पेंढा टाकत होता. गुरं ओळीने बांधलेली, सगळ्यांची तोंडं पलीकडे.

"शेवंती," दगडूने हाक मारली.

"ओ," नीला म्हणाली.

तोंडातून गेल्यावर तिला कळलं. चार महिन्यांत तिला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. ते तिचं माहेरचं नाव, आजीचं ठेवलेलं. लग्नाच्या संध्याकाळी ताटात तांदूळ पसरले, त्र्यंबकने अंगठीने त्यात 'नीला' असं गिरवलं, आणि शेवंती तिथे संपली. "आमच्याकडे भांड्याला येते ती शेवंती आहे," सासूबाईंनी आधीच सांगितलं होतं. "हाक मारली की दोघी ओ देतील."

ओळीतल्या सातव्या कालवडीने मान वळवली होती. तिच्या कानात पितळेचा बिल्ला होता. ती दगडूकडे पाहत नव्हती.

"हे नाव कोणी ठेवलं?" नीलाने विचारलं. आवाज तिचा नेहमीचाच होता.

"मी नाय ठेवला, बाय," दगडू म्हणाला. "आमच्यात नवी गाय आनली का एकेक नाव घेऊन हाका मारतान. ज्या नावाला ती वलल त्या तिचा. तांबू बोल्लो, चंद्री बोल्लो, बारा-पंदरा नावां घेतली. या शेवंती बोल्ल्यावर मान वलवली."

"साहेबांनी सांगितलं का तुम्हाला हे नाव?"

"सायेब?" म्हातारा बोळक्या तोंडाने हसला. "सायेब सात नंबर बोलतान. नंबराला कदी गाय वलल काय?"

परत येताना तिने मनाशी हिशोब मांडला. शेवंती हे गाईचं नाव असूच शकतं. आंबिवलीपासून कसाऱ्यापर्यंत पन्नास गोठ्यांत शेवंत्या असतील. आपण ओ दिली ती सवयीने. वीस वर्षांची सवय चार महिन्यांत जात नाही. हे सगळं बरोबर होतं. फक्त तिला एवढंच वाटलं, की तिथे हाकेला दोघी वळल्या आणि दगडूने जिच्यासाठी हाक मारली होती तिच्याआधी आपण ओ दिली.

वही आणायची राहूनच गेली.

४

दहाव्या दिवशी तीन नंबर मेली. दगडूने शेडमागे खड्डा खणून चुना टाकला. आता चारच्या वेळी "धर" सातदाच ऐकू यायचं.

नीलाने चुलीवरचं आधणाचं पातेलं उतरवून ओट्यावर ठेवलं आणि मग तिचं लक्ष गेलं, की सांडशी खुंटीलाच आहे. दोन्ही तळवे लाल झाले होते. दुखत नव्हते. तिने ते पाण्यात धरले. पाणी गार आहे की कोमट, तेही कळेना.

त्र्यंबकने चहा घेताना तिच्या हाताला हात लावला आणि कप खाली ठेवला.

"अगं, अंग भाजतंय तुझं."

"मला काही होत नाहीये."

त्याने घरचा थर्मामीटर काढला, माणसांचा, औषधाच्या डबीतला. खिडकीपाशी नेऊन पारा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"किती?"

"एकशे एक पॉइंट सहा."

"म्हणजे गाईच्या मानाने अगदी ठणठणीत," नीला म्हणाली.

त्र्यंबकने तिची खालची पापणी अंगठ्याने ओढली. मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. मनगट सोडून तो जबड्याखाली बोट लावून नाडी शोधत होता. ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याने हात काढून घेतला. नवऱ्याने आपल्याकडे इतकं निरखून पाहण्याची ही दुसरी वेळ, असं तिला वाटलं. पहिल्यांदा त्याने तिची वही पाहिली होती.

"उद्या कल्याणहून डॉक्टर आणतो," तो म्हणाला. मग सवयीने शिसपेन्सिल काढून वर्तमानपत्राच्या कडेला आकडा टिपला. शेजारी वेळही टाकली. चार दहा.

५

अकराव्या दिवशी एकशे तीन पॉइंट आठ. कल्याणचे डॉक्टर गावाला गेले होते. बाराव्या दिवशी सकाळी एकशे चार पॉइंट दोन. डॉक्टरांना आणायला जाणार तेवढ्यात पुण्याहून तार आली की चौदाव्या दिवशी मोठे साहेब स्वतः येताहेत, आणि त्र्यंबक शेडमध्ये गेला.

तो रोज दोनदा तिचा ताप घ्यायचा. सहाला आणि चारला.

तिला झोपावंसं वाटत नव्हतं, उठावंसंही वाटत नव्हतं. डोळे सारखे गळत होते. रडू नव्हतं त्यात, नुसतं पाणी. गालांवर त्याचे दोन ओले पट्टे पडले होते आणि माश्या येऊन बसायच्या. तिने आधी हाकलल्या, मग सोडून दिलं. तोंडात आतून सालपटं निघत होती. बुळकांडी माणसाला होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तक्त्याच्या मागे छापलेलंच होतं ते.

आवडाबाई, दगडूची बायको, भांडी घासायला आली ती उंबऱ्याबाहेरच थांबली. क्वार्टरच्या दारात एक नवा पत्र्याचा ट्रे ठेवलेला होता. फिनेलचा.

"ह्या कशाला, बाय?"

"साहेबांनी ठेवलाय," नीला म्हणाली. "काळजी म्हणून."

आवडाबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं, भांडी तशीच ठेवली आणि गेली. पुन्हा आली नाही.

दुपारी त्र्यंबकने नेहमीसारखी कच्ची वही आणून टेबलावर टाकली. "जमेल का? नाहीतर राहू दे."

"जमेल."

टाक बुडवला. टक्, टक्. एक नंबर, एकशे एक पॉइंट चार. दोन नंबर, एकशे दोन. सहाही निरोगी. मग सात नंबर. अकराव्या दिवसाचं उतरवायचं राहिलं होतं; तिथला आकडा शाईने खोडून वर नवा लिहिला होता. एकशे तीन पॉइंट आठ. आज सकाळी एकशे चार पॉइंट दोन.

नीला त्या आकड्यांकडे पाहत राहिली. तिला ते ओळखू आले, जसं गर्दीत स्वतःचं लुगडं दुसऱ्या कोणी नेसलेलं ओळखू यावं.

तर हे असं होतं. सात नंबरला ताप येईना आणि मुदत तर संपत आली, म्हणून त्याने घरातला ताप घेतला. घरात होताच तो. तिला राग यायला हवा होता. उलट बरंच वाटलं. हे माणसासारखं होतं, समजण्यासारखं. नोकरीसाठी लोक याहून वाईट करतात.

तिच्या हातात टाक होता. ती अठ्ठ्याण्णव पॉइंट चार लिहू शकली असती. खरं तेच होतं. साहेब तक्ता पाहतील, प्रयोग फसला म्हणतील, बिऱ्हाड हलेल, आणि एखाद्या गावात माणसांचा डॉक्टर तरी असेल. तेवढं एक तिच्या हातात होतं, आणि आजच होतं.

त्र्यंबक खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे वर ओढलेले होते.

मूळ कागदावर माशी आहे, तिच्या मनात आलं. आणि तिने ती उतरवली. दोन्ही आकडे, सुबक, एकाखाली एक.

शाई वाळेपर्यंत ती थांबली. बाहेर शेडमधून गाय हंबरली, हलक्या आवाजात, एकदाच.

६

तेराव्या दिवशी ती शेडकडे गेली. ठरवून नाही. त्र्यंबक झोपला होता, उन्हं उतरत होती, आणि पाय निघाले. एकदा सात नंबर पाहायची, ठणठणीत आहे अशी खात्री करायची, एवढंच होतं. ती ठणठणीत असली म्हणजे त्र्यंबक खोटं लिहितोय. तो खोटं लिहीत असला म्हणजे बाकी सगळं जागच्या जागी आहे.

या वेळी तिने ट्रेमध्ये पाय बुडवले.

शेडमध्ये स्वच्छ होतं, थंड होतं. किंवा असावं. सहा कालवडी खाली बसून रवंथ करत होत्या. सातवी उभी होती, तोंड दाराकडे. कोणीतरी तिला उलटी बांधली असेल. दावं ढिलं होतं. अंग तुकतुकीत, डोळे कोरडे, स्वच्छ. कानात बिल्ला नव्हता. होता तिथे भोकही दिसलं नाही, पण इतक्या लांबून दिसणारही नाही.

नीलाने पदराने गालांवरचं पाणी पुसलं.

गाय तिच्याकडे पाहत होती. आधी डोळ्यांकडे, मग तोंडाकडे, मग खाली पायांपर्यंत आणि पुन्हा वर. त्यात राग नव्हता, मायाही नव्हती. त्र्यंबक लाल रेघेच्या जनावराकडे पाहतो तसं ते पाहणं होतं. ती नीलाकडे तुलनेला पाहत होती.

नीला परत आली आणि आतल्या खोलीत पडली. एकशे पाच ताप असला की माणसाला काहीबाही दिसतं, हेही तिला ठाऊक होतं.

७

चौदाव्या दिवशी दुपारी साहेब आले. आतल्या खोलीतून तिला बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं, जसं चार महिने शेडमधलं ऐकू यायचं तसं. तिला उठता येत नव्हतं. पाय अंगाखाली दुमडले होते ते सरळ होत नव्हते.

चार वाजले. "धर," त्र्यंबकचा आवाज शेडमधून आला. दोन मिनिटं. "एकशे एक पॉइंट आठ." ती मोजत गेली. दोन, तीन, चार, पाच. सहाव्यांदा आकडा आला आणि मग थांबलं.

"हं," साहेब म्हणाले. "सहाही उत्तम. आता सात नंबर बघू."

"या ना, साहेब. इकडे."

पावलं शेडमध्येच राहायला हवी होती. ती अंगणात आली. वीस पावलं. मग दारातल्या ट्रेमध्ये पाणी हललं. एकदा, दोनदा, तीनदा.

दार उघडलं. तिघे आत आले. साहेब जाडसर, चष्म्याचे, भले दिसणारे गृहस्थ होते. त्यांनी तिचे डोळे पाहिले, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि मान हलवली.

"अगदी पुस्तकातली लागण आहे. कधीपासून खात नाही?"

"परवापासून," त्र्यंबक म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता, पण खांदे खाली आले होते.

तिला "अहो" म्हणायचं होतं. तेवढंच. जीभ जड होती आणि ओठांची जागा सापडत नव्हती.

"धर."

दगडूचे हात खरखरीत होते, आणि प्रेमळ. "हू, हू," तो तिच्या मानेवर थोपटत म्हणाला. "झाला, झाला. उभी ऱ्हा."

दोन मिनिटं. तिला काही जाणवलं नाही.

"एकशे पाच पॉइंट चार."

बाहेरच्या खोलीत, टेबलापाशी, टाक दौतीत बुडाला. टक्, टक्. मग कागदावर निबाची कुरकुर सुरू झाली, सावकाश, सफाईदार, एकाखाली एक आकडा मांडताना होते तशी.

साहेबांनी मान वळवून तिकडे पाहिलं. "हे तक्ते ज्यांच्या हातचे त्यांचं अक्षर फार सुरेख आहे हो. वर तारीफ होते."

"आमच्या मंडळींचं," त्र्यंबक म्हणाला. तो हसला. चौदा दिवसांत पहिल्यांदा. "नीला, झालं का गं उतरवून?"

खुर्ची सरकली. काकणं वाजली.

"झालं," बाहेरून उत्तर आलं.

शेवंतीने मान वळवली.